देवी इथे नाही

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत मी एका खोलीचं ऑफिस घेतलं आणि दाराबाहेर पाटी लावली : ‘अरविंद देवरे, एस.ई.ओ.’ पाटी लागली त्याच आठवड्यात एक गृहस्थ झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. मुलीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. म्हणाले, “साहेब, तेवढ्या सह्या करून शिक्का मारून द्या. मूळ कागद बरोबर आणलेत.”

त्या काळी आपल्याकडे एस.ई.ओ. म्हणजे विशेष कार्यकारी अधिकारी. कागद खरा आहे अशी साक्ष देणारा प्रतिष्ठित माणूस. माझं एस.ई.ओ. वेगळं होतं. इंग्रजीत अक्षरं तीच, पण काम असं की लोक इंटरनेटवर काही शोधायला लागले तर आमच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट त्यांना वरच्या वर दिसावी. हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गठ्ठा पिशवीत घातला आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्या सहीला किंमत नाही.”

“नाही,” मी म्हणालो.

“मग पाटी कशाला?”

असे बरेच आले. शेवटी मी पाटी बदलून ‘वेबसाइट सेवा’ अशी केली. घरी माझी आई, ती सटाण्याकडची, शेजारणींना एवढंच सांगायची, “मन्हा पोर्‍या कॉम्प्युटरमा शे.” कॉम्प्युटरमध्ये मी नेमकं काय करतो हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिली काही वर्षं तरी मला तोंड लपवावं लागलं असतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. या अंकासाठी संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. त्या आहेत. पण मला मुख्यतः एका माणसाचे आभार मानायचे आहेत, आणि त्यासाठी आधी धंदा सांगावा लागेल.

समजा तुम्ही सर्च इंजिनमध्ये ‘नाशिक दंतवैद्य’ असं टाइप केलंत. हे शब्द असलेली पानं शेकड्यांनी असतात. त्यातलं कोणतं वर दाखवायचं हे यंत्र मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतं. एक, त्या पानावर काय लिहिलंय. दोन, बाकीच्या जगाचं त्या पानाबद्दल काय मत आहे. दुसऱ्या कुणी आपल्या वेबसाइटवरून तुमच्या पानाकडे बोट दाखवलं, ‘हे इकडे जाऊन वाचा’ म्हणून दुवा दिला, की ती तुमची शिफारस झाली. धंद्यात तिला बॅकलिंक म्हणतात. चांगल्या ठिकाणांहून जितक्या जास्त, तितकं पान वर.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना चौकशी करतात, त्यातलाच हा प्रकार. मुलगा कसा आहे हे त्याच्या मामाला कुणी विचारत नाही. मामा चांगलंच सांगणार. विचारायचं ते गावातल्या शिंप्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला. त्याला त्या लग्नाशी काही देणंघेणं नसतं. दळण देता देता तो सहज जे बोलून जातो त्याला वजन. न मागता मिळालेली लिंक म्हणजे गिरणीवाल्याचा शब्द.

मी मामा पुरवायचो. घाऊक.

म्हणजे असं, की जगात कुठे कुठे लोकांनी नुसत्या लिंका लावण्यासाठी वेबसाइटी उघडून ठेवलेल्या असत. त्यांच्यावर वाचण्यासारखं काही नसे. आम्ही पैसे भरायचे, ते आमच्या गिऱ्हाइकाचं नाव लावायचे. त्याला लिंक फार्म म्हणत. शिवाय पानावर पांढऱ्या रंगावर पांढऱ्याच अक्षरांत तेच तेच शब्द लिहून ठेवायचे. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. हे सगळे करत. मीही केलं, आणि तेव्हा मला ते हुशारीचं वाटत होतं.

लासलगावचे एक कांदा व्यापारी माझं गिऱ्हाईक होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांना परदेशी खरेदीदार हवे होते. मी समजावत होतो आणि शेठ एका डोळ्याने बाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघत ऐकत होते. लिंक फार्मचं नाव निघाल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

“किती एकर?”

“शेत नाही शेठ. नुसतं म्हणायला फार्म. आपलं नाव घेणाऱ्या खोट्या वेबसाइटी असतात तिथे.”

“म्हणजे सभेला ट्रक भरून माणसं आणतात तसं.”

“तसंच.”

शेठनी विचार केला. “ती माणसं टाळ्या वाजवतात, पण मत दुसऱ्यालाच देतात. ठीक आहे. आणा दोन ट्रक.”

मी आणले.

आता भाऊसाहेब. भाऊसाहेब गांगुर्डे वणीचे. द्राक्षाची बाग मोडून, भावांशी वाईटपणा घेऊन त्यांनी गावात स्टँडजवळ दोन मजली लॉज बांधलं होतं. ते भाऊ त्यांना म्हणाले होते, “वणीत मुक्काम करतंय कोण? लोक गडावर जातात.” भावांचं म्हणणं खोटं ठरवायला त्यांच्याकडे आता लॉजशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. खोल्या रिकाम्या होत्या. मुलीच्या ओळखीने ते माझ्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “देवरे सर, माणूस आला पायजे. बाकी मला काय कळत नाय.”

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. सप्तशृंगी देवी गडावर आहे. वणी गाव खाली, बरंच अलीकडे. गावातून नांदुरीला जायचं, नांदुरीपासून घाट चढायचा, आणि घाट संपल्यावर पायऱ्या. पण म्हणताना सगळे म्हणतात ‘वणीची देवी’. आम्ही नाशिकचे लोक ‘वणीला जाऊन आलो’ असं सांगतो आणि वणी गावात पाऊलही ठेवलेलं नसतं. आम्हाला ते माहीत आहे म्हणून आमचं काही अडत नाही. बाहेरच्या माणसाला माहीत नसतं.

आणि बाहेरचा माणूस कॉम्प्युटरवर शोधताना काय टाइप करतो? ‘वणी देवी मुक्काम’. मी पाहिलं तेव्हा मला हर्षच झाला. इतके लोक शोधतात, आणि पत्त्यात ‘वणी’ असलेलं वेबसाइटवालं लॉज एकच. मी वर मोठ्या अक्षरांत ओळ लिहिली : ‘वणीच्या देवीच्या पायाशी, निवांत मुक्काम.’ हवा स्वच्छ असली तर लॉजच्या गच्चीवरून डोंगराची रांग लांबवर दिसते. तो फोटो असा काढला आणि असा कापला की गड परसदारी असावा. वर मामांची फौज लावून दिली. थोड्याच दिवसांत भाऊसाहेबांचं लॉज पहिल्या नंबरावर. खोल्या भरायला लागल्या. मला वाटलं, भाऊसाहेब पेढे घेऊन येतील.

त्यांचा फोन आला. “सर, माणसं येतात. पण ब्याग ठेवायच्या आधी विचारतात, देऊळ कुठंय?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“मी सांगतो, वर हे. मग ते माझ्या गच्चीवर जातात.”

आम्ही दोघे हसलो. मी जास्त हसलो. म्हणालो, एकदा आलेला माणूस राहतोच, तुम्हाला काय. त्या वेळी हे बोलताना मला काहीच वाटलं नाही, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

त्यानंतर नव्या खोल्यांचे फोटो काढायला मी वणीला गेलो होतो. दुपार होती. मी काउंटरमागे बसून कॅमेरा पुसत होतो. रिक्षातून एक वयस्कर जोडपं उतरलं. गृहस्थ अकोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर होते, हे त्यांनी नाव सांगायच्या आधी सांगितलं. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात कापडी पिशवी, पिशवीतून खणाची कड दिसत होती.

“हे वणीच ना?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“हो, वणीच,” भाऊसाहेब म्हणाले.

“आणि देऊळ?”

“देऊळ गडावर, काका. इथनं नांदुरी, मग घाट.”

पोस्टमास्तर वर्गात धडा म्हणून दाखवावा तसे म्हणाले, “तुमच्या वेबसाइटवर आहे, देवीच्या पायाशी, निवांत मुक्काम. मी दोनदा वाचलं. पाय कुठे आहेत ते दाखवा.”

“अहो, राहू द्या ना,” बाई म्हणाल्या.

“का राहू द्या? आपली आज रात्रीची गाडी आहे नाशिकरोडहून. दर्शन करून, जेवून, आडवं होऊन निघायचं ठरवलं होतं की नाही? घाट आहे हे माहीत असतं तर काल नसतो निघालो?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी कॅमेरा पुसत राहिलो. ‘हे लिहिणारा माणूस इथेच बसलाय’ एवढं ते सहज बोलू शकले असते. बोलले नाहीत. त्यांनी खिळ्यावरची जीपची किल्ली काढली. “चला काका. मी नेतो. चुकी आमची हे.” मग मला म्हणाले, “देवरे, तुम्ही बी चला.” त्या दिवसापासून मी त्यांचा ‘सर’ राहिलो नाही.

घाट चढून वर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं होतं आणि पायऱ्या चटके देत होत्या. बाईंनी पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला, काही पायऱ्या चढल्या आणि बसल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. पोस्टमास्तर घड्याळ बघत नव्हते, पण त्यांचा हात घड्याळावर होता. मुलीला उशिरा मूल झालं होतं, त्याबद्दल देवीची ओटी भरायची राहिली होती, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. 

कळवणकडची एक बाई मुलाला कडेवर घेऊन चढत होती. अकोल्याच्या बाईंनी तिला थांबवलं आणि पिशवीतला खण, नारळ, तांदळाची पुरचुंडी तिच्या हातात दिली. “माझी एवढी वर घेऊन जाशील का गं?”

“जाईल की. नाव काय सांगू?”

“नाव नको. म्हणावं, अकोल्याहून एक जण आली होती, पायरीपर्यंत.”

ती बाई ‘बरं’ म्हणून चढायला लागली. अकोल्याच्या बाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या आणि मग म्हणाल्या, “चला. पोचली म्हणायची.” त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

नांदुरीला नाशिकची एसटी मिळाली. चढताना पोस्टमास्तर भाऊसाहेबांना म्हणाले, “माणूस चांगले आहात. वेबसाइट बदला.”

परत येताना जीपमध्ये आम्ही दोघेच. भाऊसाहेब म्हणाले, “ते पाय तुम्ही लिवले ना?”

“हो.”

“काढा ते.”

“ओळ आजच काढतो. पण वणी हा शब्द काढला तर आपण दिसेनासे होऊ, भाऊसाहेब. लोक त्याच शब्दाने शोधतात.”

“शब्द कशाला काढायचा? गावाचं नाव हे ते, माझ्या बापाचं नाय. वणी टाकून शोधतात ना? मग शोधू द्या. समोर खरं काय ते येऊ द्या. देवी इथं नाय. ठळक लिवा.”

“लॉजच्या वेबसाइटवर ‘देवी इथे नाही’ लिहिल्यावर थांबेल कोण?”

“माझे भाऊ बी हेच म्हणत व्हते,” भाऊसाहेब म्हणाले आणि गिअर बदलला.

मला खरोखर वाटलं की हा माणूस आता बुडणार, आणि याला बुडवायला पहिला धक्का मी दिलेला आहे.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर मी बसलो आणि ते सांगायला लागले. ‘देवी इथे नाही’ असं मी टाइप केलं आणि चहा घेऊन आलेल्या भाऊसाहेबांच्या बायकोने, वहिनींनी, ते मागून वाचलं.

“काय लिवताय हे?”

“खरं तेच.”

“गावात जगदंबा बसलीय आणि तुम्ही जगाला सांगता देवी इथं नाय? सकाळी कोणाच्या पाया पडून आले?”

वहिनी कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. “गडावरची म्हणा,” त्या म्हणाल्या. “गडावरची देवी इथं नाय. आणि खाली लिवा, गावातली जगदंबा हितंच हे, स्टँडवरनं चालत. तिला बी भेटून जा म्हणावं.”

तसं लिहिलं. मग नवराबायको दोघेही सांगत सुटले. म्हाताऱ्या माणसांनी आमच्याकडे राहू नये, सरळ गडावर मुक्काम करावा आणि उन्हं चढायच्या आत पायऱ्या चढाव्यात. चैत्रात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, तेव्हा एसटी धरावी. घाटात ज्याला मळमळतं त्याने पोटभर खाऊन बसू नये. “वानरं लिवा,” वहिनी म्हणाल्या, “परसादाची पिशवी हातात धरली की गेली.” वर वारा असतो, शाल ठेवा. सगळ्यात शेवटी भाऊसाहेब म्हणाले, “आता आपलं लिवा. ज्याला यायला उशीर झाला, ज्याचा ड्रायव्हर दमला, ज्याला पहाटे निघायचं हे, त्यानं आपल्याकडं राहावं. बाकीच्यांनी चहा पिऊन पुढं जावं.”

इतकं उलटं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. रात्री घरी येऊन त्याचं इंग्रजी आणि हिंदी केलं. ते करताना एक गोष्ट ध्यानात आली. मी इतकी वर्षं पानं लिहीत होतो, पण कुणाला उपयोग होईल असं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातून टाइप झालं होतं, आणि तेही दुसऱ्याने सांगितलेलं.

पुढचे काही महिने वाईट गेले. खोल्या पुन्हा रिकाम्या दिसू लागल्या. भाऊसाहेबांचे थोरले भाऊ काउंटरवर येऊन चहा पीत आणि म्हणत, “गिऱ्हाईक घालवायला मशीन घेतली आमच्या भावानं.” मी फोन करायला घाबरत होतो. केला तर भाऊसाहेब उलट माझीच समजूत काढत. “गच्चीवर कोणी जात नाय आता,” ते म्हणत. “तेवढी शांतता झाली.”

मग एक दिवस सुरतेच्या एका गृहस्थांची ईमेल आली. ते दरवर्षी बस भरून लोकांना गडावर आणत. त्यांनी आमच्या पानाचं गुजराती करून पाठवलं होतं, न सांगता, आणि आपल्या मंडळाच्या वेबसाइटवर आमची लिंक लावली होती. त्यानंतर नाशिकमधल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांवरच्या लेखात लिहिलं, ‘गडावर जाण्याआधी हे वाचा.’ पुण्याच्या एका ट्रेकिंगच्या गटाने घाटासाठी लिंक दिली. अमेरिकेतल्या एका मराठी बाईने आईवडिलांची यात्रा ठरवताना ते पान वाचलं आणि तिकडच्या मंडळाच्या पानावर टाकलं, खाली वानरांबद्दल स्वतःच्या वडिलांचा अनुभव जोडून. मी यातल्या एकालाही ओळखत नव्हतो. एकालाही पत्र लिहिलं नव्हतं. गिरणीवाले एकेक करून बोलायला लागले होते.

ही यादी भाऊसाहेबांना दाखवायला मी मोठ्या उत्साहाने वणीला गेलो. कॉम्प्युटरवर उघडली. पण त्यात मी पूर्वी विकत घेतलेल्या लिंकाही होत्या, आणि भाऊसाहेबांनी वाचायला सुरुवात वरून केली.

“क्या-सि-नो. हे काय?”

“जुगाराची साइट आहे.”

“तिथं माझं नाव कशाला?”

“मीच लावलं होतं. वर चढायला. पैसे देऊन.”

त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. “म्हंजे जुगाराच्या अड्ड्याभाईर माझ्या लॉजची पाटी लावून आले तुम्ही.” मग आवाज खाली आणून, “घरात बोलू नका. ती दोघांना बी जेवायला वाढायची नाय.”

त्या पाट्या उतरवायला मला फार काळ लागला. लावणं सोपं होतं. उतरवण्यासाठी परदेशातल्या अनोळखी लोकांना विनवण्या कराव्या लागल्या. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी काढण्याचे वेगळे पैसे मागितले. पण पुन्हा पुन्हा मागे लागून, कुठे पैसे भरून, एकेक करून सगळ्या काढल्या.

आणि काढल्या ते बरं झालं. कारण पुढे सर्च इंजिनने आपली पद्धत बदलली. विकतचे मामा त्याला ओळखू यायला लागले. एका सकाळी माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या साइटी पहिल्या पानावरून गायब झाल्या. कुठे गेल्या ते कळेना. ऑफिसचा फोन थांबेना. शेठचाही आला.

“देवरे, आपले ट्रक कुठे गेले?”

“पकडले, शेठ.”

“मग आता?”

मी त्यांना खरं सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं : मी काय केलं होतं, ते का बुडालं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. बरेच जण सोडून गेले. त्यांना दोष देत नाही. त्यातल्या एकाची मिरचीमसाल्याची नवी साइट होती, त्याने सगळी भिस्त माझ्यावर ठेवली होती, आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. तो अजून पंचवटीच्या भाजीबाजारात भेटला की हसून बोलतो आणि मी भाजी न घेताच परततो.

भाऊसाहेबांचं पान मात्र जागच्या जागी होतं. ‘वणी’ म्हटलं की पहिलं तेच. आणि खोल्या भरत होत्या, आधीच्या लोकांनी नव्हे, वेगळ्याच लोकांनी. उशिरा पोचणारे, पहाटे निघणारे, सुरतेच्या बसवाले. गडावरचे लॉजवाले आधी संशयाने बघत होते. पण भाऊसाहेब म्हातारी माणसं आपल्याकडे न ठेवता वर पाठवतात हे दिसल्यावर, जागा संपली की तेही खाली पाठवू लागले, ‘वणीत गांगुर्ड्यांकडे जा, घाटाचं नीट सांगतील.’ थोरले भाऊ अजून चहाला येत. आता ते येणाऱ्यांना नांदुरीच्या गाड्यांची वेळ सांगत, कुणी विचारलं नसलं तरी.

माझा धंदा त्या एका पानातून पुन्हा उभा राहिला. नवं गिऱ्हाईक आलं की मी एकच विचारायला लागलो : लोक तुम्हाला रोज असं काय विचारतात, की सांगून सांगून तुम्ही कंटाळलात? तेच लिहू. शेठ म्हणाले, “बायका विचारतात, कांदा सडतो का?” मग लाल कांदा टिकत नाही, उन्हाळी टिकतो, आणि साठवायचा कसा, हे त्यांनी असं सांगितलं की स्वयंपाकाच्या साइटींनी ते डोक्यावर घेतलं. खरेदीदार त्यातूनच आले. यात माझी विद्या काही नाही. मी फक्त विचारतो आणि टाइप करतो.

आता शेवटचं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्याची वेबसाइट बनवली त्याच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, आपलं नाव टाकून आपल्या साइटची लिंक लावून द्यायची. गिऱ्हाइकाला विचारत नाहीत. म्हणजे मालकाच्या घराच्या भिंतीवर गवंड्याने स्वतःचं नाव कोरण्यासारखं. पोस्टमास्तरांच्या त्या प्रसंगानंतर भाऊसाहेबांच्या पानावरचं माझं नाव मी स्वतःच काढून टाकलं होतं. तिथे राहण्याचा मला हक्क वाटेना. मग त्यांची मुलगी पान सांभाळायला लागली आणि मी तिकडे बघणंही कमी केलं.

काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की माझ्या वेबसाइटवर रोज चार-दोन माणसं वणीच्या त्या पानावरून येतायत. म्हणून ते पान उघडलं. वानरं होती, शाल होती, जगदंबा होती. आणि सगळ्यात खाली, बारीक नव्हे, बाकीच्या मजकुराएवढ्याच अक्षरांत लिहिलं होतं : ‘ही वेबसाइट नाशिकच्या अरविंद देवरे यांनी केली. ते आता खोटं लिहीत नाहीत.’

मी फोन केला. 

“भाऊसाहेब, लिंक दिलीत. मी मागितली नव्हती.”

“मागितली असती तर दिली नसती. पोरीला म्हणलं, माणसाचं नाव राहिलंय, टाक.”

“फार उपकार झाले. फक्त तो ‘आता’ काढता येईल का?”

“का?”

“वाचणाऱ्याला वाटेल, आधी लिहीत होतो.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. वहिनी बहुतेक ऐकत होत्या. भाऊसाहेब म्हणाले, “मग तो काढला तर ते बी खोटंच व्हईल ना, देवरे. राहू द्या.”

राहू दिला. त्या ओळीवरून अजून माणसं माझ्याकडे येतात. बसतात, पाणी पितात, आणि कामाचं बोलायच्या आधी हमखास विचारतात, “आधी काय लिहीत होतात?” मी सगळं सांगतो, पायांपासून जुगाराच्या पाटीपर्यंत. ऐकून उठून गेले असे फार थोडे.